चौदा नंबरचा शिक्का

पितळ खोटं बोलत नाही. बोललंच, तर बोटांना कळतं. शकुंतला तायडे गेली बावीस वर्षं हडपसरच्या एका छोट्या कारखान्यात पितळी बुश तपासतात. बुश म्हणजे अंगठ्याएवढी पोकळ नळी. ती पंपात बसते, आयुष्यभर अंधारात फिरणारा दांडा सांभाळते, आणि ती तिथे आहे हे कुणाच्या गावीही नसतं. शकूताईंच्या असतं. दिवसाला दीड-दोन हजार बुश त्यांच्या हातांतून जातात.

त्यांच्या टेबलावर हत्यार एकच, गेज. मधे मूठ आणि दोन्ही बाजूंना पोलादी टोकं. एका टोकाचं नाव गो, दुसऱ्याचं नो-गो. बुशाच्या भोकात गो गेलं पाहिजे, नो-गो अडलं पाहिजे. "जाणारं जायला हवं आणि अडणारं अडायला हवं," एवढंच त्या नव्या मुलींना शिकवतात. डावीकडे हिरवा क्रेट, उजवीकडे लाल, मधे पिवळा. चांगला, वाईट आणि संशय. पिवळ्याला होल्ड म्हणतात. "माणसांसाठी पण एक पिवळा क्रेट पाहिजे होता," असं त्या एकदा डब्याच्या सुट्टीत म्हणाल्या, तेव्हा बाकीच्या बायकांनी लगेच आपापले नवरे त्यात टाकून घेतले होते.

हिरवा क्रेट भरला की त्याला टॅग बांधायचा आणि टॅगवर शिक्का मारायचा. तपासणाऱ्या सात जणी, सात नंबर. शकूताईंचा चौदा. लाकडी मुठीचा, रबर दोनदा बदललेला. चौदा नंबर पडलेला क्रेट गेटबाहेर जातो आणि पुढे कुणी तो उघडून बघत नाही. सही करायची वेळ शकूताईंवर फारशी आली नाही. बँकेत, आणि मुलाच्या प्रगतिपुस्तकावर. शिक्का मात्र रोज.

मागच्या हिवाळ्यात क्वालिटीचे साहेब, उत्तरेश्वर देशमाने, यांनी सातही जणींना बोलावलं. परदेशातल्या गिऱ्हाईकाला आता प्रत्येक क्रेटबरोबर इंग्रजी रिपोर्ट हवा होता.

"तीन ओळी असतात," साहेब म्हणाले. "किती तपासले, किती नाकारले, का नाकारले. ज्याचा शिक्का, त्यानेच लिहायचं. बाहेरून तपासायला माणूस येणार आहे. तो काही मराठी शिकून येणार नाही."

"आणि नाही जमलं तर?" मागून मुक्ताईने विचारलं. मुक्ताई रिवर्कच्या टेबलावर असते. नाकारलेले बुश घासूनपुसून सरळ करणं हे तिचं काम.

"तुझ्याकडे शिक्का आहे का?"

"नाही, सर."

"मग तू कशाला घाबरतेस? सवय म्हणून?"

सहा आठवडे वर्ग, मग चाळीस मार्कांची परीक्षा. चोवीस मिळाले नाहीत तर शिक्का जमा करायचा आणि पॅकिंगला जायचं. पगार तोच राहणार होता. चौदा नंबर कुणाकडे जाईल हेसुद्धा ठरलं होतं. कल्याणीकडे. कल्याणी बावीस वर्षांची, डिप्लोमा झालेली, इंग्लिश मीडियमची. कारखान्यात येऊन तिला आठ महिने झाले होते. म्हणजे शिक्क्याचं वय आणि तिचं वय एकच.

त्या दिवशी शकूताईंनी शिक्का नेहमीपेक्षा जास्त वेळ पुसला. बावीस वर्षं एखादा आकडा माणसाच्या पुढे उभा राहिला की माणूस निवांत त्याच्या मागे बसायला शिकतो. आकडा गेला, तर मागे कोण बसलंय ते बघावं लागतं.

वर्ग कॅन्टीनमध्ये भरायचा, पहिली पाळी सुटल्यावर. शिकवायला पूर्वा यायची, सदाशिव पेठेतून, स्कूटरवर, डोळे सोडून सगळा चेहरा स्कार्फमध्ये गुंडाळून. एरवी ती स्पर्धा परीक्षेच्या मुलांना शिकवते. पहिल्याच दिवशी तिने सांगितलं, "आपण इंग्रजी शिकायला जमलेलो नाही. तीन ओळी शिकायला जमलोय. त्या तीन ओळींत कर्त्याचं आणि क्रियापदाचं पटलं पाहिजे. घरी कुणाचं कुणाशी पटतं हा आपला विषय नाही."

शकूताईंनी हात वर केला. "मॅडम, आपल्याकडे मुलगा जातो, मुलगी जाते, पिल्लू जातं, पोरं जातात. इंग्रजीत किती?"

"दोन. गो आणि गोज."

"दोनच? बाईमाणूस, बाप्यामाणूस काही नाही?"

"नाही. दोघं एकाच क्रियापदाने जातात."

कॅन्टीनच्या दारात चहा पीत उभी असलेली मुक्ताई म्हणाली, "म्हणजे तिकडे घरात भांडण झालं, तर नुसत्या क्रियापदावरून कळायचं नाही कोण निघून गेलं."

शकूताईंना इंग्रजांची थोडी दयाच आली. एवढ्याशासाठी सात बायकांना वर्गात बसवलं होतं.

पण ते दोन सोपे नव्हते. नामाला एस लागला की ते अनेक होतं आणि क्रियापदाला एस लागला की ते एकाचं होतं, हे कुणाच्याच पचनी पडेना. सगळ्या जणी एस मिळेल तिथे लावत होत्या, जसे पाहुणे आले की पोहे दिसतील त्या बशीत वाढतात. शकूताई दोन दिवस गप्प होत्या. तिसऱ्या दिवशी टेबलावरून सरळ वर्गात आल्या आणि बसायच्या आधीच म्हणाल्या, "मॅडम, हा एस म्हणजे दोन टेबलांत मिळून एक गेज आहे. या टेबलावर असेल तर त्या टेबलावर नसतो. द मशीन स्टॉप्स. गेज क्रियापदाकडे. द मशीन्स स्टॉप. गेज कर्त्याकडे. दोन्हीकडे दिसला तर कुणीतरी स्टोअरमधून जास्तीचा उचललाय."

"आणि चिल्ड्रेन रन?" पूर्वाने विचारलं. "तिथे तर कुणाकडेच नाही."

"ती पोरं आहेत. पोरं वस्तू कुठे ठेवतात हे कुणाला कळलंय?"

पूर्वा सहसा हसत नाही. तिने वही काढून ते लिहून घेतलं. "पेठेत वापरते हे. तुमचं नाव सांगणार नाही."

"नावाचं काय काम? नंबर सांगा. चौदा."

पुढच्या आठवड्यात लांबलचक कर्ते आले. द क्रेट ऑफ बुशेस. सगळ्यांनी पुढे इझऐवजी आर लावलं, कारण कानाजवळ बुशेस होते आणि ते पुष्कळ होते. शकूताईंनी मागे वळून विचारलं, "टॅग कुणाला बांधता गं तुम्ही? एकेका बुशाला? क्रेटला बांधता ना? आत हजार असोत नाहीतर दोन." त्यानंतर त्या वर्गात ती चूक कुणी केली नाही. पूर्वाने तेही लिहून घेतलं.

शकूताईंचे यजमान नागोराव रिक्षा चालवतात. संध्याकाळी ते त्यांना कारखान्याच्या गेटवरून घेतात आणि रामटेकडीच्या चढावरच्या दोन खोल्यांच्या घरी आणतात. गाडीतळापासून दोन्ही बाजूंना इंग्रजी पाट्या सुरू होतात: क्लासेस, केक, जिम, दातांचा दवाखाना. शकूताई मागे बसून त्या तपासायला लागल्या.

"लाल," त्या म्हणत.

नागोराव ब्रेक दाबत. "कुठे आहे सिग्नल?"

"सिग्नल नाही हो. ती पाटी."

"अगं, मग सिग्नल हिरवा आहे की लाल तेवढं सांग. पाट्यांनी मला कोणी पकडत नाही."

परीक्षा शनिवारी दुपारी एक वाजता झाली. पूर्वाने झेरॉक्स केलेले कागद वाटले आणि सूचना मोठ्याने वाचली. "चाळीस वाक्यं आहेत. प्रत्येक वाक्य तपासा. चुकीचं असेल तर खाली मोकळी जागा आहे, तिथे दुरुस्त करून लिहा. वेळ एक तास."

शकूताईंनी पांढऱ्या कोटाच्या खिशातून पेनं काढली. हिरवं, लाल, पिवळं. तीन पेनं त्यांच्या खिशात कायम असतात, त्यात विशेष काही नव्हतं. त्यांनी चष्मा लावला आणि कामाला लागल्या. त्यांचा चेहरा टेबलावर असतो तसाच झाला, म्हणजे चेहरा असा राहिलाच नाही. फक्त एक लक्ष उरलं. चौदा मिनिटांनी त्यांनी कागद आणून दिला.

"झालं?" पूर्वाने घड्याळ बघितलं. "एकदा परत बघून घ्या."

"नको मॅडम. जास्त वेळा बघितलं की डोळा चांगल्यातच खोट काढतो."

बाकीच्यांनी पुरा तास घेतला. पूर्वा तिथेच बसून पेपर तपासू लागली. सहा जणी पास होत्या, सगळ्यांत जास्त एकतीस. मग शकूताईंचा कागद आला, आणि आधी पूर्वाला रागच आला. त्यावर इंग्रजीचं एकही अक्षर नव्हतं. चाळीस वाक्यं आणि चाळीस खुणा. सतरा हिरव्या, बावीस लाल, एक पिवळी. वाक्यांखालच्या मोकळ्या जागा मोकळ्याच.

तिने उत्तरांचा कागद शेजारी ठेवला. बरोबर वाक्यं सतरा होती, सतरांवर हिरवी खूण. चुकीची बावीस, बावीसांवर लाल. एकसुद्धा चुकलेली नव्हती. पिवळ्या खुणेपाशी झेरॉक्सच्या शाईचा काळा ठिपका नेमका क्रियापदावर बसला होता, आणि शेजारी मराठीत लिहिलं होतं: डाग. दिसत नाही. होल्ड. बाकी सहा जणींनी ते वाक्य अंदाजाने सोडवलं होतं.

पण मार्क सतराच होत होते. बावीस वाक्यं दुरुस्त करायची होती, ती केली नव्हती.

पूर्वाने शकूताईंना बाजूला घेतलं. "हे काय केलंत तुम्ही? खाली लिहायचं होतं. मी वाचून दाखवलं होतं."

शकूताईंनी कागद हातात घेतला आणि बराच वेळ बघितला. "हो. ऐकलं होतं मी."

"मग?"

"हात गेलाच नाही, मॅडम."

आणि मग त्यांनी सांगितलं. नोकरीचं तिसरं वर्ष होतं. एका जुन्या ऑपरेटरचे त्या आठवड्यात बरेच बुश लाल क्रेटमध्ये गेले होते. त्याचं तोंड उतरलेलं बघवेना. शकूताईंनी मुक्ताईच्या टेबलावरची कानस आणली आणि चाळीस बुशांच्या कडा स्वतः घासल्या. मग स्वतःच गेज लावलं, स्वतःच हिरव्यात टाकले, स्वतःच शिक्का मारला. महिन्याने क्रेट परत आला. "आपण घासलेल्या बुशात खोट दिसत नाही, मॅडम. आपला घाम दिसतो." कुणी त्यांना रागावलं नाही. देशमाने साहेब तेव्हा तरुण होते. त्यांनी तो क्रेट शकूताईंच्या टेबलावर ठेवला आणि निघून गेले. पुढच्या आठवड्यात त्यांनी शेडच्या भिंतीवर दोन ओळी रंगवून घेतल्या. करणारा तपासत नाही. तपासणारा करत नाही.

तेव्हापासून शकूताईंनी कानस हातात घेतलेली नाही. घरी आमटी केली तरी मीठ त्या स्वतः बघत नाहीत. नागोरावांच्या तळहातावर थेंब टाकतात.

पूर्वा कागद घेऊन साहेबांच्या केबिनमध्ये गेली.

"सतरा," साहेब म्हणाले.

"सतरा नाही. एकोणचाळीसपैकी एकोणचाळीस, आणि एक होल्ड."

"नियम चोवीसचा आहे."

"भिंतीवर दुसरा एक नियम आहे. तो तुम्ही सांगितलात, की पेंटरने स्वतःच्या मनाने लिहिला?"

साहेबांनी तिच्याकडे बघितलं. "तुम्ही सदाशिव पेठेतल्या ना?"

"हो. का?"

"नाही, दुपारी या वेळी तिकडची माणसं एवढी जागी नसतात." त्यांनी कागद पुन्हा उचलला आणि पिवळ्या खुणेवर बोट ठेवून थोडा वेळ बसले. "सोमवारी दोन वाजता. हाच पेपर, फक्त लाल वाक्यं. दुरुस्त करून दाखवायची. सात बरोबर आली तरी चोवीस होतात. याच्या पुढे मला नका खेचू."

रविवारी शकूताई विहारात जाऊन आल्या, कपडे धुतले, आणि खाली रिक्षा धूत असलेल्या नागोरावांपाशी येऊन पायरीवर बसल्या.

"सात तर येतील तुला," नागोराव म्हणाले.

"येतील. येण्याचा प्रश्न नाही. त्या कोटात बसलं की हात दुरुस्तीला जात नाही."

"मग कोट काढ." नागोरावांनी पँट गुडघ्यापर्यंत दुमडली होती. "मी रिक्षा धुताना ड्रायव्हर असतो का? आत्ता पॅसेंजर आला तर तो मला पाणीवाला समजून पुढे जाईल. खाकी शर्ट खुंटीवर आहे. ड्रायव्हर तिथे आहे. इथे मी आहे."

संध्याकाळी शकूताईंनी मुक्ताईला फोन केला.

सोमवारी दोनला त्या कॅन्टीनमध्ये आल्या तेव्हा त्यांच्या अंगात पांढरा कोट नव्हता. मुक्ताईचा राखाडी एप्रन होता. रिवर्कचा, पितळेच्या चुऱ्याने चमकणारा, खिशापाशी फाटलेला. मागून मुक्ताई येत होती. दोन्ही हातांवर तिने पांढरा कोट असा धरला होता, जसा कुणी नवरीचा शालू धरतं.

"हे काय नाटक?" साहेब म्हणाले.

"नाटक नाही, सर. आज मी रिवर्कला आहे."

त्यांनी चाळीस मिनिटं घेतली. अक्षर जड होतं, एकेक शब्द कानशीने घासल्यासारखा. मधेच थांबत, ओठ हलवत, टॅग कुणाला, टॅग कुणाला असं पुटपुटत. मुक्ताई दारात उभी राहून बोटं मोजत होती आणि काय मोजतेय हे तिलाही माहीत नव्हतं. पूर्वाने तिथेच तपासलं. बावीसपैकी वीस बरोबर.

"सतरा आणि वीस, सदतीस," साहेब म्हणाले. "सातही जणींत पहिल्या. चौदा नंबर तुमचाच राहिला. उद्यापासून रिपोर्ट लिहा."

मुक्ताईने कोट पुढे केला. शकूताईंनी तो घेतला नाही.

"लिहीन, सर. पण मग त्याच्यावर शिक्का कुणी मारायचा?"

"तुम्हीच."

"लिहिणारी मी आणि तपासणारी पण मीच?"

कॅन्टीनच्या खिडकीतून शेडची भिंत दिसत होती. रंग उडाला होता, तरी वाचता येत होतं. साहेबांनी तिकडे बघायचं टाळलं. "तो नियम बुशांसाठी आहे."

"बुश अंधारात फिरतो. त्याच्यासाठी एवढं करतो आपण. कागद तर उजेडात वाचणार कुणीतरी." रागावल्या किंवा आतून हलल्या की शकूताईंची अकोल्याकडची बोली वर येते. "सर, शनिवारी दुसऱ्याच्या बावीस चुका मले दिसल्या. एक सुटली नाही. आज माझ्या दोन चुकल्या. लिहून झाल्यावर मी दोनदा बघितलं. मले दिसल्या नाहीत. आत्ताही सांग म्हटलं कुठल्या, तर सांगता यायच्या नाहीत मले."

एकोणीस वर्षांपूर्वीच्या त्या क्रेटची आठवण साहेबांना झाली असावी, कारण त्यांनी चष्मा काढला आणि उगाचच पुसला.

"म्हणजे पास होऊनसुद्धा तुम्ही लिहिणार नाही."

"दुसरीच्या क्रेटचा लिहीन. माझ्या क्रेटचा दुसरीने लिहायचा. मी तपासीन, मग शिक्का."

"आणि तुमचा कोण लिहिणार? बाकी सहा जणींच्या जोड्या लागतील. तुम्ही सातव्या."

दारात फाईल घेऊन कल्याणी उभी होती. तिला कुणीतरी सही आणायला पाठवलं होतं. सगळ्यांच्या नजरा वळल्या तशी ती मागे सरकली. "मी काही केलं नाही, सर."

"तेच," साहेब म्हणाले. "आता करायचं."

तेव्हा कुठे शकूताईंनी एप्रन काढून मुक्ताईला दिला आणि पांढरा कोट चढवला.

मंगळवारी दुपारी पहिला क्रेट भरला. कल्याणीने दोन मिनिटांत रिपोर्ट लिहून आणला. तीन ओळी, सुंदर अक्षर. शकूताईंनी चष्मा लावला, वाचलं आणि तिसऱ्या ओळीपुढे लाल खूण करून कागद परत दिला.

"काय चुकलंय, ताई?"

"ते रिवर्कचं काम."

"अहो, मी इंग्लिश मीडियमची आहे!"

"बुश पण चांगल्याच मशीनवरचा असतो गं."

कल्याणी गेली, परत आली. तिने वेगळाच शब्द बदलला होता. पुन्हा लाल. तिसऱ्यांदा ती रिवर्कच्या टेबलाशी जाऊन रडकुंडीला आली. द रीझन फॉर द रिजेक्शन्स आर. ती ते पुन्हा पुन्हा वाचत होती आणि तिला त्यात तिचं सुंदर अक्षरच दिसत होतं. मुक्ताई एकाही दिवशी वर्गात बसली नव्हती. सहा आठवडे दारात उभी राहून चहा प्यायली होती. कानस खाली न ठेवता ती म्हणाली, "टॅग कुणाला बांधतात गं? क्रेटला, का आतल्या बुशांना?"

कल्याणीने त्या ओळीवरून पुन्हा बोट फिरवलं. मग हसली, आणि पळत गेली.

यावेळी हिरवी खूण पडली. शकूताईंनी शिक्का पॅडवर दाबला, फुंकर घातली आणि टॅगवर मारला. चौदा.

"पहिल्यांदाच सांगितलं असतंत तर काय झालं असतं?" कल्याणीने विचारलं.

"मग तो माझा झाला असता. आणि मला बरोबर वाटला असता." त्यांनी पुढचा रिकामा क्रेट ओढला. "उद्या ये. रोज तीन ओळी. कंटाळशील, पण चुकणार नाहीस."

त्या संध्याकाळी रामटेकडीवर चिंच-गुळाची आमटी झाली. शकूताईंनी पळी हलवून एक थेंब नागोरावांच्या तळहातावर टाकला. त्यांनी चाटला आणि डोळे मिटले.

"काय हो? हिरवा का लाल?"

"होल्ड," नागोराव म्हणाले. "अजून एक थेंब टाक."